चिलटांची बाटली

पुण्यातल्या या बाईंकडे लोक येतात ते खंडोबाचा किडा बघायला. हिरवागार, मान वळवून माणसाकडे पाहणारा. बाई मात्र आधी फडताळ उघडतात. रवा, गूळ आणि अगर शिजवून बाटल्यांत ओतलेला थर, वर चिमूटभर यीस्ट, तोंडाला कापसाचं बूच आणि आत चिलटं. कॉलेजातली एक मुलगी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली, तेव्हापासून त्यांची शिकवणी इथूनच सुरू होते.

हे किडे वाढवताना अडतं ते पहिल्या पंधरवड्यात. अंड्यांची फेसाळ पिशवी फुटली की एकाच सकाळी शंभराच्या वर पिल्लं बाहेर पडू शकतात. त्यांना हलणारं आणि इवलंसं भक्ष्य लागतं. ते मिळालं नाही तर ती एकमेकांवर तुटून पडतात. इकडे चिलटाला अंड्यातून निघून पंख फुटायला २५ अंश सेल्सिअसला सुमारे १० दिवस लागतात. म्हणजे आजच्या भुकेची तयारी दीड आठवडा आधी झालेली हवी, आणि पिशवी कोणत्या दिवशी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. बाईंचं सगळं डोकं या हिशेबात गुंतलेलं असतं. उन्हाळ्यात तो आणखी चिघळतो. पारा ३०च्या वर टिकला की चिलटांचे नर वांझ होऊ लागतात. बाटलीत माश्या भिरभिरताना दिसतात, पण नवी अळी दिसत नाही. मग एप्रिल-मेमध्ये बाटल्या पाण्याच्या परातीत उभ्या, अंगावर ओलं फडकं.

कीटकांचा अभ्यासक झाँ आंरी फाब्रसुद्धा इथेच अडला होता. फ्रान्समधल्या सेरिन्यां गावी मोठ्या किड्यांसाठी नाकतोडे पकडायला तो शेजारची पोरं कामाला लावायचा. मजुरी म्हणून पाव आणि खरबुजाची फोड. पिल्लांपुढे मात्र त्याचा इलाज चालला नाही. मावा दिला, बारीक माश्या दिल्या, त्यांनी तोंड लावलं नाही आणि ती मेली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. फाब्रला जमलं नाही ते आपल्या फडताळात जमतं, याचा बाईंना गर्व आहे, आणि तो त्या लपवत नाहीत.

विकतच्या मीलवर्म अळ्यांवर किडे पोसणाऱ्यांशी त्यांचं पटत नाही. एकाच अन्नावर वाढवणं ही त्यांच्या लेखी हेळसांड. पण रानातलं सगळंच चालतं असंही नाही. रुईवरचा पिवळा-निळा नाकतोडा तिच्या चिकातलं विष अंगात साठवतो, त्याला हात लावायचा नाही. फवारणी झालेल्या बागेतून काही आणायचं नाही. पाण्याकाठच्या किड्यांतून केसासारखा लांब जंत शिरतो आणि पुढे खंडोबाच्या किड्याच्या पोटातून बाहेर येतो. रातकिडा दिलाच, तर कात टाकायच्या वेळी पिंजऱ्यात ठेवायचा नाही. मऊ अंगाला तोच कुरतडतो.

पतंगांचं दुःख वेगळं. रस्त्यावर पाऱ्याच्या वाफेचे दिवे होते तेव्हा खांबाखाली जाळी फिरवली की दोन दिवसांच्या खाद्याची सोय व्हायची. एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे पतंग कमी येतात. पतंगच मुळात उरलेत किती, हा प्रश्न बाईंना जास्त छळतो.

शिकणाऱ्या मुलीला त्यांनी अजून एकही पिल्लू दिलेलं नाही. सगळ्यांनाच त्यांचं एक मागणं आहे: चिलटांची दुसरी बाटली तयार नसेल, तर फांदीवरची पिशवी घरी आणू नका.