आमोरीच्या घंटेचा अर्थ

गोमंतकात जो वाढला त्याच्या कानांवर प्रातःकाळी, मध्यान्ही व तिन्हीसांजेला इगर्जीची घंटा पडलेली असते. आमच्या घरी तुळशीपुढे दिवा लावण्याची वेळ सायंकाळच्या या घंटेवरूनच ठरे. घड्याळाला किल्ली देण्यास कोणी विसरले तरी दिवा चुकत नसे. वाड्यावरचे ख्रिस्ती शेजारी हातातले काम टाकून उभे राहत व काही पुटपुटत. या प्रार्थनेस कोकणीत ‘आमोरी’ म्हणतात. गालील प्रांतातील नासरेथ गावी योसेफ नामक सुताराशी जिची सोयरीक झाली होती त्या मरियेस देवदूताने निरोप दिला, की पुरुषसंगावाचून तुला पुत्र होईल. तिने होकार दिला आणि परमेश्वराच्या शब्दाने मानवी देह धारण केला. आमोरी ही या प्रसंगाची दररोजची आठवण होय. म्हणजे आमच्या कित्येक पिढ्यांनी सांजवात लावली ती कुमारीच्या गर्भधारणेचे स्मरण करून देणाऱ्या घंटेच्या नादात.

त्या घंटेचा अर्थ विचारावा असे आमच्या पूर्वजांस वाटले नसेल तर त्यात नवल नाही. सोळाव्या शतकात ज्यांची देवळे पाडली गेली, कुठ्ठाळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा ज्यांस नदीपार अंत्रुज महालात न्यावी लागली, त्यांच्यापुढे हा सिद्धांत सत्तेच्या हाताने आला होता. अशा वेळी मनुष्य एक तर मान तुकवतो, नाही तर पाठ फिरवतो. समजून घेणे मागे राहते. ते काम आता, कोणाचीही सक्ती नसताना, आम्ही करून पाहावे असे आमच्या मनाने घेतले आहे.

याची साधने आमच्याच भाषेत आहेत. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. स्वर्गास वैकुंठ म्हणणारा हा पाद्री आमच्या पुराणश्रवणाची गोडी ओळखून होता. कोकणी प्रार्थनांतून मरियेस ‘आंकवार’, म्हणजे कुमारी, हे विशेषण आजही लावले जाते.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पणजीच्या पायऱ्यांवरील शुभ्र इगर्जीचे फेस्त ८ डिसेंबरला होते. ती इगर्ज ‘निष्कलंक गर्भसंभवा’स अर्पण केलेली आहे, आणि पुष्कळांचा समज असा, की हा येशूचा गर्भसंभव. तो नव्हे. तो मरियेचा स्वतःचा, तिची आई आन्ना हिच्या उदरातील. आन्ना व योआकिम हे सामान्य पतिपत्नी. कुमारीजन्माचा तेथे संबंधच नाही. मूळ पापाचा कलंक मरियेस पहिल्या क्षणापासून लागला नाही, एवढेच त्या सिद्धांताचे म्हणणे, आणि तो नवव्या पायस पोपने १८५४ साली अधिकृतपणे घोषित केला. कुमारीजन्माची श्रद्धा याहून कितीतरी जुनी आहे.

आता आमच्या वाचकांच्या मनात जे नाव केव्हाच आले असेल त्याकडे वळू. कुंती! दुर्वासाचा मंत्र, सूर्याचे आगमन, कवचकुंडलांसह जन्मलेला कर्ण. देवळाच्या सभामंडपात हा विषय निघाला की कोणी तरी ‘हे आमच्याकडे आधीच आहे’ असे म्हणून तो मिटवून टाकतो. ही तुलना नवी नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती पंडिताने एका संवादग्रंथात त्रिफो नावाच्या यहुद्याच्या मुखी असाच आक्षेप घातला आहे: ग्रीकांचा झ्यूस सुवर्णवृष्टीच्या रूपाने डानाईजवळ गेला व पर्सियस जन्मला, तुमची कथा तीच, सांगताना तुम्हांस संकोच वाटावा. परंतु नीट पाहिले तर साम्य वरवरचे आहे. सूर्य देहधारी होऊन कुंतीसमोर उभा राहतो. झ्यूस तर कामुकच. लूकच्या वृत्तांतात पित्याच्या जागी कोणी देव येत नाही. येतो तो ‘आत्मा’, आणि त्यासाठीचा हिब्रू शब्द ‘रूआह’ व्याकरणाने बहुधा स्त्रीलिंगी आहे. तेथे मीलनाची कल्पनाच संभवत नाही. सृष्टीच्या आरंभी जलावर वावरणारा आत्मा जसा शून्यातून निर्माण करतो तसे हे नवे निर्माण आहे, असा ख्रिस्ती भाव. तुलना करायचीच तर भागवताच्या दशम स्कंधाशी करावी. तेथे भगवान आधी वसुदेवाच्या मनात प्रविष्ट होतात व देवकी त्यांस मनानेच धारण करते.

लूकने योजलेला एक शब्द तर आम्हां देवळाच्या माणसांनी थांबून पाहण्यासारखा आहे. परमेश्वराचे सामर्थ्य मरियेवर ‘छाया करील’ असे देवदूत सांगतो. हेच ग्रीक क्रियापद जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, मोशेने उभारलेल्या पवित्र मंडपावर मेघ उतरला आणि मंडप ईश्वरी तेजाने भरून गेला, त्या ठिकाणी आले आहे. म्हणजे सुवार्ताकाराच्या दृष्टीने मरियेचे उदर हे देवाच्या वास्तव्याचे मंदिर झाले. आम्ही मूर्तीच्या स्थानास गर्भगृह म्हणतो. ‘गाभारा’ हा त्याचाच घरगुती अवतार. हा धागा आम्हांस कुंतीपेक्षा अधिक जवळचा वाटतो.

येथून मात्र वाटा फुटतात, आणि त्या फुटतात हे मान्य करण्यातच शेजारधर्म आहे असे आम्ही समजतो. देवकीच्या उदरी आलेले बालक प्रथम चतुर्भुज रूप दाखवते. येशूच्या जन्मात असे काही नाही. लूकच्या मते त्यास बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेवले. ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता असे शिकवणारा पंथ आरंभीच्या काळात होता, व अंतिओखचा बिशप इग्नातियस याने त्यास दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी कडाडून विरोध केला. आम्हांस लीलादेह सहज पटतो. त्यांस तो पाखंड वाटला. ‘कुमारीपासून जन्मला’ या वाक्यात आम्ही ‘कुमारी’वर भर देतो, इग्नातियस ‘जन्मला’वर देत होता. त्यांच्या श्रद्धासूत्रात येशूखेरीज दोनच मनुष्यांची नावे आहेत, मरिया व रोमन सुभेदार पिलात. एकीने जन्म दिला, दुसऱ्याने मृत्युदंड. पुढे ४३१ साली एफेससच्या धर्मसभेने मरियेस ‘देवाची जननी’ म्हणणे योग्य ठरवले. वाद वरवर तिच्याविषयी होता, परंतु खरा प्रश्न असा, की जो जन्मला व मेला तो आणि देव एकच की निराळे.

शंका काढणाऱ्यांस येथे पुष्कळ वाव आहे, आणि त्या शंका ख्रिस्ती पंडितांनी स्वतः काढलेल्या आहेत. मार्क या जन्माविषयी काहीच बोलत नाही. पौल ‘स्त्रीपासून जन्मलेला’ एवढेच म्हणतो. मत्तय ज्या यशयाच्या वचनाचा आधार घेतो तेथे मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’, अर्थात तरुण स्त्री. ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा ग्रीक भाषांतरकारांचा. आणि कुमारीजन्म मानल्याने देवत्व आपोआप सिद्ध होते असेही नाही, कारण कुराणातही मर्यम कुमारीच माता होते, तरी येशूचे देवपुत्रत्व कुराण स्पष्टपणे नाकारते. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले योझेफ रात्सिंगर कुमारीजन्मावर दृढ श्रद्धा ठेवणारे. त्यांनीच १९६८ च्या एका ग्रंथात लिहिले, की येशू सामान्य विवाहातून जन्मला असता तरी त्याच्या देवपुत्रत्वास बाध आला नसता. मग या श्रद्धेत उरते काय? आमच्या समजुतीप्रमाणे उरते ते हे, की हा पुत्र मनुष्याच्या पराक्रमाचे, वंशाचे वा तपाचे फळ नव्हे. तो दिलेला आहे. घेणाऱ्याने केवळ हात पुढे करायचा.

तो हात पुढे करणे सोपे नव्हते. सोयरीक झालेल्या मुलीस दुसऱ्यापासून दिवस गेल्याचे ठरल्यास यहुदी धर्मशास्त्रात दगडमाराची शिक्षा लिहिलेली होती. बाराव्या शतकातील क्लेर्व्होच्या बर्नार्डने एका प्रवचनात अशी कल्पना केली आहे, की देवदूत निरोप सांगून थांबला असता सारे जग, मृत पूर्वजसुद्धा, त्या मुलीच्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे. कुंतीने कर्णास नदीत सोडले, कारण तिला लोकापवादाचे भय होते. त्याबद्दल तिला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मरियेलाही भय होते, असे लूक सांगतो. तिने प्रश्न केला, आणि मग होकार दिला.

आणि योसेफ? मत्तयाची सुवार्ता उघडताच अब्राहामापासून योसेफापर्यंतची वंशावळ लागते. पिता नसलेल्या मनुष्याची वंशावळ कशाला, असे वाचणारा म्हणेल. त्या पुरुषप्रधान यादीत मरियेपूर्वी चार स्त्रिया आहेत, तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी. चौघींच्याही जीवनात रूढ मार्गाबाहेरचे काही घडलेले. योसेफ मरियेचा गुपचूप त्याग करणार होता, तिची बेअब्रू न करता. स्वप्नात आज्ञा झाली तेव्हा त्याने तिला घरी आणले व बालकाचे नाव ठेवले. नाव ठेवले म्हणजे आपले म्हटले. दावीद राजाचे कुळ त्या बालकास लाभले ते रक्ताने नव्हे, या नामकरणाने. आमच्याकडे दत्तकास गोत्र मिळते, तसेच. नाताळात शेजाऱ्यांकडे मांडलेला गोठा पाहावयास आम्ही जातो तेव्हा माता व बालक यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते. योसेफ जरा बाजूला, हातात काठी घेऊन उभा असतो. आम्ही त्याला अंमळ अधिक वेळ पाहतो.