अयाचित

चीनच्या मोठ्या भिंतीच्या पश्चिम टोकाला जियायुगुआनचा किल्ला आहे. त्याच्या पश्चिम दरवाजातून बाहेर पडलं की समोर गोबी. शतकानुशतकं हद्दपारीची शिक्षा झालेली माणसं, मर्जीतून उतरलेले अधिकारी, पळून चाललेले गुन्हेगार याच वाटेनं गेले आणि जाता जाता कमानीच्या भिंतींवर ओळी कोरून गेले. घर सुटल्याच्या, परत येणं नसल्याच्या ओळी. मिशनरी मिल्ड्रेड केबल आणि फ्रान्सिस्का फ्रेंच यांच्या ‘द गोबी डेझर्ट’ या १९४२ सालच्या पुस्तकात हे वाचलं आणि मन त्या कमानीखालीच थांबून राहिलं. कारण या दोघी आणि फ्रान्सिस्काची थोरली बहीण इव्हा, तिघी त्याच कमानीखालून गेल्या होत्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. आपल्या पायांनी गेल्या.

साल १९२३. इव्हा ५४ वर्षांची, मिल्ड्रेड पंचेचाळिशीची. शान्शी प्रांतात हुओजौ इथं त्यांनी वाढवलेली मुलींची शाळा चांगली रुजली होती. इव्हानं तर १९०० सालचं बॉक्सर बंड पाहिलं होतं, त्यातून जीव वाचवून ती पुन्हा तिथंच कामाला लागली होती. एवढं सगळं केल्यावर माणूस सावलीत बसतो आणि कुणी त्याला बोल लावत नाही. यांनी मात्र ठरवलं, की शाळा आता चिनी बायका सांभाळू शकतात, तेव्हा आपण निघावं. वायव्येकडं गावंच्या गावं आहेत आणि तिथं कुणीच गेलेलं नाही. मिशनमधल्या कितीतरी जणांना हा वेडेपणा वाटला. मला त्यांच्या साऱ्या प्रवासापेक्षा हे निघणंच मोठं वाटतं. आपण उभारलेली गोष्ट उत्तम चालू असताना तिच्यावरचा हात काढून घेणं फार थोड्यांना जमतं. आपल्याकडच्या संस्था पाहिल्या की हे जास्तच जाणवतं.

त्यांच्या मिशनची रीत वेगळी होती. हडसन टेलर यांनी १८६५ साली ‘चायना इनलँड मिशन’च्या नावानं बँकेत खातं उघडलं, तेव्हा त्यात दहा पौंड भरले. ठरलेला पगार नाही, कुणापुढं पैशासाठी हात पसरायचा नाही, कर्ज काढायचं नाही. देव देईल त्यात भागवायचं. अयाचित व्रतानं राहणारी माणसं आपल्या गावांनीही पाहिली आहेत. समोर येईल ते घ्यायचं, नाही आलं तर पाणी पिऊन निजायचं. पण आपल्याकडं अयाचित माणसाच्या आजूबाजूला घरं असतात. त्यानं मागितलं नाही तरी कुणाच्या तरी चुलीवरून त्याची उपाशी पाठ दिसते. गोबीत पुढचं दार एका दिवसाच्या वाटेवर.

आणि ती वाटही रात्रीची. उन्हाळ्यात दिवसा चालवतच नाही, म्हणून संध्याकाळी खेचरांची गाडी जुंपायची आणि उजाडेपर्यंत पुढची विहीर गाठायची. तिचं पाणी बहुधा मचूळ, खारट. उतरायला मातीची सराई, तिथं गाडीवान, व्यापारी, सैनिक यांच्या शेजारी पथारी. गाडीत धर्मपुस्तकं: चिनी, मंगोल, तिबेटी, तुर्की भाषांतली.

या पुस्तकांपाशी मी थोडी अडखळते. दुसऱ्याच्या देशात आपला देव घेऊन जाणं मला सहजासहजी पटत नाही. चीनची दारं मिशनऱ्यांना उघडली ती अफूच्या युद्धांनंतर, तोफांच्या जोरावर लिहून घेतलेल्या तहांनी. हे विसरून या तिघींचं कौतुक करता येणार नाही. पण सराईतल्या त्या रात्रींमध्ये कुठलीही तोफ त्यांच्या मदतीला येणार नव्हती. तिथं त्या पाहुण्या होत्या. विहीर दुसऱ्याची, वाट दुसऱ्याला ठाऊक. ज्याला शिकवायला निघालो त्याच्याच हातचं पाणी प्यावं लागतं, तेव्हा माणसाच्या आवाजातला चढेपणा आपोआप उतरत असावा.

सूजौला, म्हणजे आजच्या जिउचुआनला, त्यांनी बिऱ्हाड केलं होतं. तिथं त्यांच्या दाराशी एक लहान मुलगी भीक मागायला यायची. बहिरी, म्हणून मुकी. सांभाळणारी बाई तिला रोज भिकेला धाडायची आणि भीक कमी पडली की मारायची. पोरीच्या पायांवर कुत्र्यांच्या चाव्यांच्या जखमा होत्या. हे वाचताना माझ्या ध्यानात आलं, की कुत्रं भुंकत अंगावर येतंय हे तिला कळतच नसणार. सगळ्या गावाला ऐकू येणारी धोक्याची सूचना तेवढी तिच्यापर्यंत पोचत नव्हती. दात लागले की मग समजायचं.

तिघींनी तिला खायला दिलं, पाय धुऊन पट्ट्या बांधल्या आणि पुढं आपल्या घरातच घेतलं. तिचं नाव टॉप्सी ठेवलं. १९३७ साली त्यांनी तिच्यावर एक पुस्तकही लिहिलं.

मला सगळ्या गोबीत ही पोर मोठी दिसते. या तिघींचं आयुष्य शब्दांवर उभं होतं. अनोळखी भाषा कष्टानं शिकायच्या, बाजारात उभं राहून बोलायचं, पुस्तकं वाटायची. आणि पदरात आली ती नेमकी अशी, जिच्याशी यातल्या एकाही शब्दानं बोलता येत नव्हतं. तिला त्या काय सांगणार? पापपुण्याचं, तारणाचं, स्वर्गाचं काहीच नाही. ताटात वाढलेलं, अंगावर पांघरलेलं, जखमेवर हळूच ठेवलेलं बोट, एवढाच काय तो उपदेश. तिचा आपल्यावर विश्वास बसावा म्हणून त्यांना काही बोलताच येत नव्हतं; रोज तसं वागावं लागत होतं. मला वाटतं, त्या वाटेवर त्यांची खरी परीक्षा वादळानं घेतली नाही, या मुलीनं घेतली.

आणखी एक गोष्ट. न मागण्याचं व्रत घेतलेल्या बायकांच्या घरात मागणं हाच धंदा असलेली पोर आली. व्रत घेणारीला मागण्याचा पर्याय असतो, तो ती सोडते. टॉप्सीला पर्यायच नव्हता. त्या तिघींना स्वतःच्या श्रद्धेची किंमत तिच्या पायांकडं पाहून नव्यानं कळली असेल का? कळली असावी. पुढं ती त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली, त्यांच्या घरची होऊन राहिली.

जखमा बांधायचा प्रसंग पुन्हा आला तो १९३२च्या सुमाराला. बंडखोर सेनापती मा झोंगयिंग जखमी होऊन आन्शी इथं पडला होता. त्याची माणसं या तिघींना मलमपट्टीसाठी घेऊन गेली. त्यांनी त्याच्या जखमा बांधल्या आणि पुढं संधी साधून त्या मुलखातून निसटल्या.

आन्शीचं नाव आलं आणि माझं मन तिघींना सोडून तेराशे वर्षं मागं गेलं. त्याच भागातून, तेव्हाच्या ग्वाजौहून, भिक्षू ह्युएन त्संग रात्रीच्या अंधारात सरहद्द ओलांडून निघाला होता. बादशहाची परवानगी नव्हती. वाटाड्यानं रात्री सुरी उपसली, मग तोही परत गेला. एका म्हाताऱ्यानं त्याला एक रोड, तांबूस घोडा दिला होता. पुढच्या हामी गावाची वाट या घोड्याच्या पायाखालची आहे, असं सांगून. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली. तो मागं वळला, थोडा गेला, आणि पुन्हा पश्चिमेला तोंड करून चालू लागला. चार रात्री, पाच दिवस पाण्यावाचून. शेवटी घोडाच आपण होऊन वाट सोडून वळला आणि गवतापाशी, पाण्यापाशी जाऊन उभा राहिला. तिघी सांगायला निघाल्या होत्या, हा विचारायला निघाला होता. तहान दोघांचीही तीच, आणि भरवसाही दुसऱ्याच्याच ज्ञानावर.

तो पुढं आपल्याकडंही आला. दुसऱ्या पुलकेशी राजाच्या काळातला महाराष्ट्र त्यानं पाहिला. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, असं त्यानं नोंदलं. आणि हेही नोंदलं, की अडचणीतला कुणी मदत मागायला आला, तर ती स्वतःला विसरून धावतात. इतिहासाच्या पुस्तकांत आपण पुलकेशीच्या हत्तींचं वर्णन आवडीनं वाचतो. मला ही शेवटची नोंद त्याहून मोलाची वाटते. अशी गोष्ट दरबारात ऐकून कुणी लिहीत नाही. भाषा न येणाऱ्या त्या परक्या भिक्षूला या मुलखात कुणीतरी ओसरीवर टेकू दिलं असणार, वाट दाखवायला चार पावलं बरोबर आलं असणार, असं मी धरून चालते. आज इथं पोटासाठी किंवा देवासाठी आलेला, आपली भाषा न बोलणारा माणूस आपल्याबद्दल काय लिहून नेईल, हे आपण स्वतःला विचारायला हवं. इतक्या जुन्या शिफारशीला आपण अजून लायक आहोत का, हे त्याच्या उत्तरावरून ठरेल.