लस आणि चार अक्षरांचा जप

15 जुलै 2024, सोमवार
आयव्हरी कोस्टमध्ये आजपासून मुलांना आर21 ही हिवतापाची लस द्यायला सुरुवात झाली. ही लस वापरात आणणारा तो पहिलाच देश. लस तयार होते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. मे महिन्यात पहिली खेप मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाकडे रवाना झाली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये ‘आपली लस’ म्हणून पेढ्यांची मागणी झाली होती. आपली म्हणायला हरकत नाही, पण वाटेकरी बरेच आहेत. रेणूची रचना ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटची. लशीचा जोर वाढवणारे सहौषध नोवाव्हॅक्सचे. त्यातले सॅपोनिन चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. आणि शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत दंड पुढे केले ते बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या लेकरांनी. वर्षाला 10 कोटी मात्रा, तीही दोन ते चार डॉलरला एक, हे मात्र पुण्याचे कर्तृत्व. पेढे तेवढ्यासाठी.

16 जुलै
टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) प्लाझ्मोडियमचे, म्हणजे हिवतापाच्या परजीवीचे, जीवनचक्र शिकवले. मुलांना ते पाठ असते, पण लस त्यातल्या कुठल्या टप्प्यावर मारा करते ते विचारले की वर्ग गप्प.
विषाणूच्या मानाने हा परजीवी प्रचंड. पाच हजारांवर जनुके, आणि प्रत्येक टप्प्यावर अंगावरची प्रथिने वेगळी. तो लाल पेशीत शिरला की पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन आणून बसवतो. त्या प्रथिनाची साठेक जनुके परजीवीजवळ असतात. एका वेळी एकच वापरतो. शरीराने त्या एकावर प्रतिपिंडे तयार करेपर्यंत हा दुसऱ्यावर गेलेला असतो. तिथे त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही.
डास चावतो तेव्हाची गोष्ट वेगळी, आणि लस मारा करते ती इथेच. त्वचेत उतरणारे स्पोरोझॉइट, म्हणजे परजीवीचे डासातून येणारे रूप, मोजकेच, बहुधा शंभराच्या आतबाहेर. अर्ध्या-एक तासात ते यकृत गाठतात. आठवडाभर ना ताप, ना थंडी. मग यकृताच्या एकेका पेशीतून हजारो मेरोझॉइट, म्हणजे परजीवीची पुढची रूपे, रक्तात सुटतात.
“म्हणजे एक जरी स्पोरोझॉइट निसटला तरी खेळ संपला?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. संपला. या लशीचे सगळे दुखणे त्या प्रश्नात आहे.

17 जुलै, आषाढी एकादशी
सुट्टी. साबुदाणा आणि रूथ नुसेनझ्वाइग. व्हिएन्नात जन्मलेली, ब्राझीलमध्ये वाढलेली, न्यूयॉर्कमध्ये काम केलेली ही बाई. 1967 मध्ये तिने क्ष-किरणांनी दुबळे केलेले स्पोरोझॉइट उंदरांना टोचले आणि नंतर जिवंत परजीवी सोडूनही त्यांना हिवताप झाला नाही, हे दाखवले. लस होऊ शकते याचा पहिला भक्कम पुरावा तो. पण लाखो मुलांना पुरतील इतके डास पाळून त्यांच्या लाळग्रंथी कोण सोलणार? म्हणून मग प्रथिनाचा शोध.

18 जुलै
ते प्रथिन म्हणजे सीएसपी. स्पोरोझॉइटच्या अंगभर त्याचाच थर असतो. फाल्सिपेरम या परजीवीच्या जातीच्या सीएसपीचे जनुक 1984 मध्ये वाचले गेले आणि त्याच्या मधल्या भागात एक विचित्र गोष्ट दिसली: अ‍ॅस्परजिन, अलानिन, अ‍ॅस्परजिन, प्रोलिन ही चार अमिनो आम्ले त्याच क्रमाने चाळीसेक वेळा. फळ्यावर एन-ए-एन-पी, एन-ए-एन-पी असे लिहीत गेले तर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हा तर जपच करतोय.” शब्द आवडला. जगभरच्या फाल्सिपेरममध्ये हा जप जवळपास सारखा असतो, म्हणून लशीसाठी तो सोयीचा.
पण नुसता जपाचा तुकडा टोचला तर शरीर फारशी दखल घेत नाही. आरटीएस-एस या पहिल्या लशीत तो तुकडा कावीळ बी च्या विषाणूच्या पृष्ठप्रथिनाला जोडला आणि यीस्टकडून बनवून घेतला. ही प्रथिने आपोआप एकत्र येऊन विषाणूएवढे गोळे होतात. शरीराला ते परके वाटतात. गोम अशी की, आरटीएस-एसच्या गोळ्यात जोडलेल्या एका प्रथिनामागे सुमारे चार प्रथिने नुसत्या कावीळ बी ची. आर21 मध्ये प्रत्येक प्रथिनाला हिवतापाचा तुकडा आहे. चार दशकांपूर्वीचेच प्रथिन, फक्त दाटीने मांडलेले. विज्ञानातली पुष्कळ प्रगती अशीच असते, आणि तिला बातमीत मथळा मिळत नाही.
दोन्ही लशींतून एक जागा मात्र सुटली: जप सुरू होतो तिथला सांधा. दुबळ्या स्पोरोझॉइटची लस घेतलेल्या एका स्वयंसेवकाच्या रक्तात त्या सांध्याला धरणारे प्रतिपिंड सापडले. 2018 मध्ये ते जाहीर झाले. मालीतल्या प्रौढांना तेच प्रतिपिंड शिरेतून दिले तर मोठ्या मात्रेने सहा महिने 88 टक्के संरक्षण मिळाले. पुढच्या लशीत ही जागा हवीच, असे माझे मत.

20 जुलै
आर21 ची पहिल्या वर्षाची परिणामकारकता: हिवतापाचा हंगाम ठरलेला असतो तिथे 75 टक्के, बारमाही हिवताप असतो तिथे 68. आरटीएस-एसची चार मात्रांनंतर, चार वर्षांत, 36 च्या आसपास. “एवढीच?” म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी दुसरा आकडा पाहावा. घाना, केनिया आणि मलावीत 2019 पासून ती ‘एवढीशी’ लस दिली, तर लसपात्र वयाच्या मुलांचे एकूण मृत्यू 13 टक्क्यांनी घटले. 2022 साली जगात हिवतापाने सहा लाखांच्या घरात माणसे गेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले.

22 जुलै
एटापल्लीचा विद्यार्थी तासानंतर थांबला. “मॅडम, पुण्यात बनते, मग आमच्या गडचिरोलीत कधी?”
त्याला गोड उत्तर देणे सोपे होते. दिले नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस नाही. देशभराचा विचार करता आपल्याकडचा हिवतापाचा प्रसार आफ्रिकेच्या मानाने कमी. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम आहे, तेव्हा तिथे ती वापरून पाहावी का हा प्रश्न रास्त आहे आणि तो मुंबई-दिल्लीला विचारलाच पाहिजे. पण भारतात व्हायवॅक्स ही परजीवीची दुसरी जातही मोठ्या प्रमाणावर आहे. त्याचा सीएसपी निराळा, जप निराळा. आर21 चा तिथे उपयोग नाही. शिवाय व्हायवॅक्स यकृतात महिनोन्‌महिने दडून पुन्हा उठतो. त्याचे लाल पेशीत शिरण्याचे प्रथिन धरून दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेत चेतन चिटणीस यांच्या गटाने लस रचली. ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना ती देऊन मुद्दाम संसर्ग केला, तेव्हा परजीवीच्या वाढीचा वेग निम्म्यावर आला. निकाल 2023 चा. चांगली सुरुवात, पण अजून लस नव्हे.
त्याला म्हटले, घरी एवढे सांग: रात्री मच्छरदाणी लाव. ताप आला की आशाताईकडून रक्त तपासून घे. व्हायवॅक्स निघाला आणि प्रायमाक्वीन दिली, तर 14 दिवसांच्या गोळ्या पुऱ्या कर. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडू नको.