हद्द आणि ठेच

युनिक्सच्या यंत्रात डिस्क एक असो वा चार, वापरणाऱ्यापुढे वाट एकच असते. ‘रूट’पासून निघून ‘होम’मध्ये शिरणाऱ्यास आपण एका डिस्कवरून दुसरीवर आलो याची गंधवार्ताही नसते. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत हिशेबाचे यंत्र मांडताना तेथील वृद्ध दिवाणजींना नेमके हेच खटकले. कारण ज्यांची हयात जमिनीच्या दप्तरात सरली, पोटहिस्सा पडला की हद्दीवर दगड रोवावा आणि उताऱ्यावर फेरफार चढवावा हा ज्यांचा शिरस्ता, त्यांना अदृश्य वाटणी ही वाटणीच वाटेना. “मग दगड कुठाय, साहेब?”

दगड असतो, पण तो ठेच लागल्यावर कळतो. एकाच हिश्श्यात कितीही अवजड फाइल इकडची तिकडे करा, काम क्षणात होते, कारण केवळ नोंद बदलते. परंतु तीच हद्दीपलीकडच्या हिश्श्यात न्यायची म्हटले, की अक्षरन् अक्षर उतरवून घेऊन मग मूळ प्रत पुसावी लागते. आमच्या मुलखाला हा प्रकार अपरिचित नाही: १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागे राहिला, तेव्हा मातीचे ढेकूळही हलले नव्हते, पण दप्तरे मात्र गाड्या भरून हलवावी लागली असतील.

वाटणी हौसेने कोणी करीत नाही. बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडवताना टॉम्पसन आणि रिची यांना पीडीपी-११ यंत्राची पहिली डिस्क अपुरी पडली, म्हणून ‘यूएसआर’चा संसार दुसरीवर थाटावा लागला. आजचे कारण निराळे: ‘व्हार’मध्ये यंत्र आपली रोजनिशी लिहीत असते, आणि एखादा बिघडलेला प्रोग्रॅम रात्रभर एकच तक्रार खरडीत बसला, तर खरेदीच्या ऐन हंगामात पावतीची एक ओळ लिहावयास जागा उरत नाही. ‘व्हार’ला म्हणूनच वेगळा हिस्सा दिला. ‘एफएसटॅब’च्या तक्त्यात प्रत्येक हिश्श्याची ओळ लिहिताना डिस्कचे चालू नाव न घालता त्या हिश्श्याचा लांबलचक यूयूआयडी क्रमांक घातला, कारण चालू नावे डिस्क सापडण्याच्या क्रमानुसार बदलू शकतात.

फायलींची नावे दिवाणजींनी मराठीत दिली, कारकुनाने कानडीत. यंत्रणेचा गाभा असलेल्या कर्नलने तक्रार केली नाही. १९९२ साली टॉम्पसन आणि पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ मध्ये दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि नावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे काना-मात्रा धरून पंच्याऐंशी चिन्हे, दोघांनाही सारखीच. पाट्यांच्या भाषेवरून जेथे मोर्चे निघतात, तेथे असा निःपक्षपाती अंमलदार विरळा!

राहिला प्रश्न मोकळ्या जागेचा. हिस्से लवचिक ठेवणाऱ्या एलव्हीएम व्यवस्थेखाली डिस्कचा तिसरा भाग मी कोणासच दिला नाही. हिस्सा वाढवणे चालत्या कारभारातही साधते, पण घटवायचा झाल्यास एक्स्ट-४ फाइलव्यवस्थेचा हिस्सा आधी वापरातून उतरवून ठेवावा लागतो. मालकांना हा पैशाचा अपव्यय वाटला. दिवाणजींनी मात्र मान डोलावली, वहीत त्या जागेपुढे ‘गायरान’ असे लिहिले, आणि आपल्या सहीवाचून त्यातले टिचभरही कोणास देऊ नये, मालकांसही, असा शेरा मारला.