नाल्याचा हिशोब कोण ठेवतो?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेलं संमतीपत्र उघडलं, की सांडपाण्याच्या अटींमध्ये एक तक्ता दिसतो. बीओडी आणि सीओडी (घाणीला लागणाऱ्या प्राणवायूची मापं), तरंगता गाळ, तेल-ग्रीस, सामू, आणि कारखाना धातूच्या मुलाम्याचा असेल तर क्रोमियम आणि निकेलही. बहुतेक रकान्यांत एकक एकच, मिलिग्रॅम प्रति लिटर. सांडपाणी प्रक्रियेचा अभियंता म्हणून माझं सगळं काम या तक्त्याभोवती चालतं. पाणी त्या आकड्यांच्या आत आणून द्यायचं, एवढीच मागणी घेऊन कारखानदार माझ्याकडे येतो. ती मागणी योग्यच आहे. पण हा तक्ता फक्त पाइपाला प्रश्न विचारतो. ज्या नाल्यात पाइप सुटतो, त्या नाल्याला तो काहीच विचारत नाही. आपल्या प्रदूषण कायद्याच्या अंमलबजावणीतली सगळ्यात मोठी फट मला इथे दिसते.

हिंगण्याची जमीन समजून घेतली तर ही फट नीट कळते. वाडीपलीकडच्या लाव्याच्या टेकड्यांमधून नाग नदी निघते आणि अंबाझरी तलावात येते. एकेकाळी नागपूरला पिण्याचं पाणी देणारा हा तलाव आज वाडीचं सांडपाणी आणि औद्योगिक वसाहतीच्या एका बाजूचा निचरा पोटात घेतो. जलपर्णीने झाकलेलं त्याचं पाणी नागपूरकरांनी पाहिलेलं आहे. तिथून नाग शहरभर फिरून पिवळी नदीला मिळते, मग कन्हान, वैनगंगा आणि गोसीखुर्दचा जलाशय. खुद्द हिंगणा गाव मात्र वेणेच्या काठावर आहे. वेणा वडगाव धरणाकडे आणि पुढे हिंगणघाटकडे जाते आणि वर्धा नदीला मिळते. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, त्यांची प्राणहिता होते. म्हणजे एका तालुक्यातलं पाणी दोन वाटांनी जाऊन शेवटी एकाच नदीत उतरतं.

जलप्रदूषणाचा कायदा करण्यात महाराष्ट्र मागे नव्हता. १९६९ च्या जूनमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला, आणि त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला. १९७० मध्ये राज्याचं प्रदूषण मंडळ उभं राहिलं. संसदेचा जल कायदा १९७४ चा. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने तो प्रत्येक राज्याने ठराव करून स्वीकारायचा होता, महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. हवेचा कायदा १९८१ चा आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरचा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा.

१९७४ च्या कायद्याचं कलम १७ मी नव्या अभियंत्यांना आवर्जून वाचायला देतो. राज्य मंडळाची कामं त्यात सांगितली आहेत. त्यांतलं एक असं, की एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याचे निकष ठरवताना कोरड्या दिवसांत त्या प्रवाहात ते सौम्य करायला किमान किती पाणी असतं, हे लक्षात घ्यायचं. वर्षातला बराच काळ प्रवाहात पुरेसं पाणी नसतं, म्हणून सांडपाणी जमिनीवर जिरवण्याच्या परिणामकारक पद्धती शोधायच्या, असंही त्यात आहे. हे लिहिणाऱ्यांना आपले नाले ठाऊक होते. हिंगण्याचा नाला दिवाळीनंतर सुकू लागतो आणि जूनपर्यंत त्यात जे वाहतं ते जवळजवळ सगळं सांडपाणीच असतं. सौम्य करायला त्यात पाणीच नसतं.

प्रत्यक्षात मात्र देशभरासाठी एक सर्वसाधारण यादी आली आणि तीच रूढ झाली. भूपृष्ठावरील प्रवाहात सोडायचं असेल तर बीओडी ३०, सीओडी २५०, तरंगता गाळ १००, षट्संयुजी क्रोमियम ०.१. शेतीच्या जमिनीवर सोडायचं असेल तर बीओडी १००. बारमाही गंगा आणि उन्हाळ्यात कोरडा पडणारा वाडीचा नाला, दोघांना आकडा एकच. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार राज्य मंडळाला यापेक्षा कडक निकष लावता येतात. अधिकार आहे, तो नाल्यांचा अभ्यास करून वापरायला हवा.

हिशोबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, तलावात उतरणाऱ्या एका नाल्यावर चाळीस कारखाने आहेत आणि प्रत्येक जण रोज एक लाख लिटर पाणी सोडतो. सगळे प्रामाणिक, सगळ्यांचा बीओडी बरोबर ३०. प्रत्येकाचा भार तीन किलो, मिळून रोज १२० किलो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे त्या १२० किलोंसाठी दीड कोटी लिटरहून अधिक स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू रोज संपतो. तलाव हवेतून प्राणवायू परत घेतो हे खरं, पण नागपूरच्या मे महिन्यात पाणी तापतं, त्याची प्राणवायू धरण्याची ताकद घटते आणि जिवाणूंची भूक वाढते. माशांना जगायला लिटरमागे चार मिलिग्रॅम तरी लागतो. या उदाहरणात एकाही कारखान्याने कायदा मोडलेला नाही, आणि तरी तलाव गुदमरतो आहे.

आता त्याच नाल्याकाठी पन्नास हजारांची वस्ती धरा. माणशी रोज ३० ग्रॅम बीओडी धरला तरी दीड हजार किलो होतो, कारखान्यांच्या बारापटीहून जास्त. घरगुती सांडपाण्याकडे बोट दाखवून सुटू पाहणाऱ्या कारखानदारांना मी सांगतो, की क्रोमियम कोणाच्या मोरीतून येत नाही. पण नगरपरिषदा आणि महापालिकांनाही हाच कायदा लागू आहे. सांडपाणी सोडायला त्यांनाही मंडळाची संमती लागते. लहान उद्योजकाचा वीजपुरवठा दोन ओळींच्या आदेशाने तोडता येतो. कलम ३३-अ ने १९८८ मध्ये ही ताकद मंडळाला दिली. शहराचा नळ तोडता येत नाही, म्हणून शहरं वर्षानुवर्षं सुटत आली. हा अन्याय आहे आणि हिंगण्यातला उद्योजक तो बोलून दाखवतो तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

नमुना घेण्याच्या कायदेशीर पद्धतीबद्दल लोकांचा गैरसमज असतो. कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, त्याने मागितलं तर दोन भाग करायचे, बाटल्या सील करून दोघांनी सह्या करायच्या. यात चूक झाली तर अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. ही पद्धत मला मान्य आहे, प्रामाणिक माणसाला तिचाच आधार आहे. पण तिच्यातून एका दिवसाचं, एका वेळचं, एका नळाचं पाणी कळतं. रात्री दोनला बायपासच्या व्हॉल्व्हमधून काय गेलं ते कळत नाही. ते नाला सांगतो. ठरलेल्या ठिकाणी, चोवीस तास थोडं थोडं पाणी गोळा करून, प्रवाह मोजून नाल्याची तपासणी केली, तर संमतीपत्रांची बेरीज आणि नाल्यातला भार यांतला फरक आपोआप समोर येईल.

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात हा विचार आहे. जी नदी निकषात बसत नाही तिला रोज जास्तीत जास्त किती भार सोसेल ते आधी ठरवायचं, मग तो शहरं, कारखाने आणि शेती यांत वाटायचा. तिथेही न्यायालयांनी रेटा दिला तेव्हाच हे कलम चालायला लागलं. आपल्याला त्यासाठी नवा कायदा लागत नाही, कलम १७ पुरेसं आहे. आणि १९५८ पासून ज्या शहरात आजची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था काम करते आहे, त्या शहराजवळच्या नाल्याचा हा हिशोब मांडायला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागत नाहीत.

जल कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीने प्रवाहात प्रदूषक सोडण्यासाठीची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. ठराव करतील त्या राज्यांना ती लागू होते. कैद हटली म्हणून मी हळहळत नाही, दीड ते सहा वर्षांची ती शिक्षा बहुधा कागदावरच राहिली. पण लहान कारखान्याला बुडवणारा पंधरा लाखांचा दंड मोठ्याच्या वार्षिक खर्चात सहज मावतो. दंडसुद्धा भाराच्या किलोवर बसला पाहिजे.

वाडी, हिंगणा आणि नागपूरच्या वाचकांना एक विनंती आहे. कलम २५ प्रमाणे मंडळाने दिलेल्या संमतींच्या अटींची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे, आणि प्रदूषणाची झळ पोचणाऱ्या कोणालाही ती कामकाजाच्या वेळेत पाहता येते. कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि मग मंडळाला आपल्याजवळचे संबंधित अहवाल त्याला द्यावे लागतात. सार्वजनिक हिताचं कारण असेल तेवढ्यापुरतंच ते नाकारता येतं. तुमच्या घराजवळून जो नाला वाहतो त्याचं नाव घेऊन ती नोंदवही मागा. त्यातल्या संमतींची बेरीज करा आणि ती बेरीज घेऊन मंडळाकडे आणि नगरपरिषदेकडे जा.