खाडीच्या दोन तीरांवर: रेवदंडा आणि कोर्लई

सेलूच्या कपाशीच्या रानात वाढलेल्या मला समुद्र प्रथम भेटला तो रेवदंड्यास. कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले हे गाव प्राचीन चौल बंदराचा शेजारी. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितीन चौललाच उतरला होता. पोर्तुगीजांचा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मी दिवसभर तटच मोजत राहिलो.

खाडीपलीकडे कोर्लईत काही ख्रिस्ती कुटुंबे अद्याप पोर्तुगीजोद्भव बोली बोलतात. तिच्यावर मराठीचा संस्कार खोल आहे. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. तेथे एका आजींनी नातवाला त्या बोलीत काही विचारले. त्याने उत्तर मराठीत दिले. माझ्या वहीत तटाची मापे होती, आजींचे वाक्य नव्हते.