डब्याचं झाकण आणि मोपाचं विमान

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मी पेडण्याला आजीकडे पोचलो तो लॅपटॉप, बोटाएवढा आरटीएल-एसडीआर डोंगल आणि अँटेना घेऊन. दादा मस्कतहून येणार होता. आजीचा फोनवरच्या ॲपवर विश्वास नाही. "तुझ्या यंत्रात दाखव," म्हणाली. डिचोलीच्या घरी हेच यंत्र मी महिनाभर चालवलं होतं, म्हणून मोठ्या फुशारकीने हो म्हटलं.

विमान आपली ओळख, उंची आणि जागा १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतं. एक संदेश जेमतेम १२० मायक्रोसेकंदांचा. डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेला; तो फक्त लहरींचे नमुने काढतो, अर्थ लावतं ते सॉफ्टवेअर.

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आजीच्या कौलांवरून विमानं जातात. त्या दिवशीही गेली, आवाजाने खिडकी थरथरली, आणि पडद्यावर? समुद्रावरची लांबची चार विमानं व्यवस्थित दिसत होती. जवळचं एकही नाही!

आधी चार्जर काढला, त्याचा गोंगाट असेल म्हणून. मग अँटेना बघितली. आडवी पडली होती. विमानाच्या लहरी उभ्या असतात. पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे ६.९ सेंमी, तेवढी तार आजीच्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर उभी केली. लोखंडी झाकण खालून आधार देतं. लांबची विमानं चाराची सात झाली. जवळची गायबच. उभ्या अँटेनाला नेमकं डोक्यावरचं कमी ऐकू येतं हे खरं, पण दोन-तीन किलोमीटर अलीकडचंही दिसेना.

माझी चिडचिड बघून आजी म्हणाली, "माझ्या कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला ना, की जवळून ओरडणाऱ्याचं काहीच कळत नाही. नुसतं खर्रर्र."

मी गप्पच झालो. डिचोलीला गच्चीवरून खाली पंधरा मीटर केबल आहे, तिच्यात लहरी बऱ्याच मरतात, शिवाय एका बाजूला खाणीच्या मातीचे ढिगारे. म्हणून तिथे गेन शेवटच्या टोकाला, ४९.६ डेसिबलला ठेवला होता. इथे केबल हातभर, आणि तरी तोच आकडा! डोंगल आठ बिटांचा, म्हणजे त्याच्याकडे मोजायला फक्त २५६ पायऱ्या. जवळच्या विमानाने सगळ्या ओलांडल्या, की संदेशाचा चिखल होतो. गेन तिसाच्या आसपास आणला. लांबची दोन विमानं गेली, जाऊ देत.

संध्याकाळी दादाच्या विमानाचा क्रमांक उमटला. उंची आली, जागा येईना. जागेसाठी सम आणि विषम असे दोन संदेश जुळावे लागतात. मग नकाशावर ठिपका आला, समुद्रावरून आत वळला. आजी चष्मा सावरून आकडे वाचत होती. चार हजार फूट. तीन. पठाराच्या कडेशी ठिपका थांबला. जमिनीवरचं आम्हाला दिसत नाही.

"उतरला?"

"उतरला असणार."

"मग झाकण दे इकडे," आजी म्हणाली, "नेवऱ्या मऊ पडताहेत."